पाठीचा कणा आणि पाठ चोळणारे हात

पोळ्याच्या आदल्या सायंकाळीं, ज्यांच्या दावणीस अजून बैल आहेत असे शेतकरी बैलांचे खांदे तूप-हळदीनें मळतात. खांदेमळणीचा हा विधि केवळ धार्मिक नव्हे. वर्षभर ज्या खांद्यानें जूं वाहिलें तो हातानें चाचपून पाहण्याचा तो दिवस होय. सुजलेल्या खांद्याचा बैल कोणीही शहाणा शेतकरी औतास जुंपीत नाहीं. परंतु धन्याच्या स्वतःच्या पाठीची चौकशी कोण करतो? ती कशानें बनली आहे, तिच्यांत हाड कोठें संपतें आणि नस कोठें सुरू होते, हें पाठ धरेपर्यंत आपण विचारीत नाहीं; आणि धरली म्हणजे जो प्रथम भेटेल त्याच्या हातीं ती निर्धास्तपणें सोंपवितों.

आमच्या नाशिक जिल्ह्यांतील शेती पाठीची परीक्षा पाहणारी आहे. निफाड-दिंडोरीकडील द्राक्षबागांत छाटणीपासून मण्यांच्या विरळणीपर्यंतचें काम मांडवाखालीं मान मागें टाकून व हात डोक्यावर धरून करावें लागतें. येवला, चांदवड, सिन्नरकडे कांद्याची लागवड करणाऱ्या बाया दिवसच्या दिवस कमरेंत वांकलेल्या असतात. पाठीवरच्या फवारणीच्या पंपांत सोळा लिटर औषध मावतें, म्हणजे सोळा किलो पाणी आणि वर पंपाचें वजन. टोमॅटोचा क्रेट वीस किलोंचा. याखेरीज ट्रॅक्टरच्या बैठकीवरील हादरे आहेतच.

अशी पाठ एके दिवशीं धरते. मग कोणी म्हणतो उसण भरली, पायाळू माणसाकडून लाथ मारून घ्या. कोणी म्हणतो नस चढली, तेल लावून उतरवून घ्या. कोणी म्हणतो गादी सरकली, ती अमक्या गांवीं बसवून मिळते. या साऱ्या मंडळींची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. हातांत गुण आहे ही गोष्ट खरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं जुनाट कंबरदुखीसंबंधीं जी मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं, त्यांत व्यायाम व रोग्यास समजावून सांगणें यांच्या जोडीस मालिश व जाणत्या हातानें केलेली मणक्यांची हालचाल यांसही स्थान दिलें आहे. उलट कमरेचे पट्टे आणि वजन लावून कंबर ताणणें यांची नेहमींच्या उपचारांत शिफारस करूं नये असें म्हटलें आहे. तेव्हां प्रश्न हात असावा कीं नसावा हा नसून, तो हात जाणता असावा हा आहे.

एक हकीकत सांगतों. आमच्या परिचयाच्या एका बागाईतदारांनीं खताची गोणी उचलतांना कंबर धरली आणि उजव्या पायांत टांचेपर्यंत कळ गेली. तीन दिवस त्यांची कंबर चोळली, दाबली व तुडविली गेली. दुसऱ्याच दिवशीं त्यांच्या पायांतली चप्पल चालतां चालतां निसटूं लागली होती व बैठकीची जागा बधिर झाली होती. परंतु चोळणाऱ्यानें तें विचारलें नाहीं आणि ह्यांनीं लाजेनें सांगितलें नाहीं. चौथ्या दिवशीं लघवी कोंडली, तेव्हां इस्पितळ गांठलें. शस्त्रक्रिया झाली, कळ थांबली. पण तें पाऊल पुन्हां पुरतें वर उचललें नाहीं. आज ते काठी टेंकीत बागेंतून फिरतात. त्या चोळणाऱ्यास आम्ही दोष देत नाहीं, कारण त्यास कोणी शिकविलेंच नव्हतें. जें त्यास ठाऊक नव्हतें आणि रोग्यासही ठाऊक नव्हतें, तें दोघांसही ठाऊक व्हावें, एवढ्याचसाठीं हा लेख आहे.

कण्याची रचना

आपला कणा तेहतीस मणक्यांचा आहे. मानेंत सात, पाठींत बारा व कमरेंत पांच, असे चोवीस मणके हलते आहेत. त्यांच्या खालचे पांच मणके मोठेपणीं एकजीव होऊन कटीमागचें त्रिकोणी हाड बनतें आणि अगदीं शेवटचे चार लहान मणके मिळून माकडहाड होतें. आपल्याकडे ही मोजदाद फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेंत मृत शरीर वाहत्या पाण्यांत सात रात्री ठेवून मग थराथरानें तपासण्याची रीत सांगितली असून पाठींत तीस व मानेंत नऊ हाडें सांगितलीं आहेत. आजची संख्या निराळी आहे. पण पाठीस हात लावण्यापूर्वीं ती आंतून पाहिली पाहिजे, ही दृष्टि तेव्हांचीच आहे.

प्रत्येक मणक्याचे दोन भाग कल्पावे. पुढें पोटाच्या बाजूस जाड वाटोळा ठोकळा असतो; शरीराचा भार तो वाहतो. मागें हाडाची कमान असते. ठोकळा व कमान यांच्यामध्यें जें छिद्र राहतें तें एकावर एक येऊन नळी तयार होते आणि त्या नळींतून मेंदूपासून निघालेला मज्जारज्जु खालीं उतरतो. कमानीपासून मागें एक कांटा व दोन्हीं बाजूंस दोन पंख निघतात. पाठीवरून बोट फिरवितांना जी टोंकें लागतात तीं ह्या कांट्यांचीं होत. म्हणजे आपण ज्यास मणका म्हणून दाबतों तें मणक्याचें केवळ शेपूट आहे. खरा ठोकळा त्याच्या पुढें, बराच खोल आहे.

कोणता मणका कोणता हें ओळखण्याच्या तीन खुणा आहेत. मान पुढें वांकविली असतां तिच्या मुळाशीं जो उंचवटा ठळक दिसतो तो बहुधा मानेचा सातवा मणका. दोन्हीं खवाट्यांचीं खालचीं टोंकें जोडणारी रेषा पाठीच्या सातव्या मणक्याच्या सुमारास येते. कमरेच्या दोन्हीं बाजूंस हात ठेवल्यावर जीं हाडें लागतात, त्यांचे माथे जोडणारी रेषा कमरेच्या चौथ्या मणक्याजवळून जाते. कंबरदुखीचें पुष्कळसें राज्य ह्या शेवटच्या रेषेच्या आसपास आहे.

गादी व ओझ्याचा हिशेब

मानेच्या पहिल्या व दुसऱ्या मणक्यांत गादी नाहीं. त्याखालीं मात्र दर दोन मणक्यांत एक, अशा एकूण तेवीस गाद्या आहेत. गादीचा बाहेरचा भाग चिवट तंतूंच्या वेटोळ्यांचा असून आंत ओला, लवचिक गर असतो. मोठ्या माणसाच्या गादीस स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळ जवळ नसतात. दाब पडला कीं पाणी बाहेर जातें, दाब उतरला कीं आंत येतें, आणि त्या येरझारेंतच तिचें पोषण होतें. म्हणून गादीस ओझें जसें मारक, तसेंच महिनोन्‌महिने निजून राहणेंही मारक. रात्रभर विसांवलेली गादी पाण्यानें फुगलेली असते. माणूस सकाळीं सायंकाळपेक्षां सुमारें एक-दीड सेंटीमीटर उंच भरतो तो यामुळेंच. त्या वेळीं ती ताठ असते. ज्यांची कंबर दुखते त्यांनीं उठल्याबरोबर पहिला अर्धा-पाऊण तास खोल वांकून ओझें उचलूं नये, ह्याचें कारण हेंच.

ओझें गादीवर किती पडतें? पहार ज्यानें वापरली आहे त्यास हा हिशेब सांगावयास नको. गादीच्या मध्यापासून पाठीचे स्नायु मागें सुमारें पांच सेंटीमीटरांवर ओढतात. आणि हात लांबवून धरलेला क्रेट पुढें पन्नास सेंटीमीटरांवर असतो. म्हणजे वीस किलोंचा क्रेट तोलण्यास स्नायूंस त्याच्या दसपट, दोनशें किलोंची ओढ लावावी लागते, आणि ती सारी ओढ गादीवर बसते. हें नुसतें गणित नव्हे. जर्मनींतील उल्म येथें विल्के व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एका स्वयंसेवकाच्या कमरेच्या गादींत दाबमापक बसवून घेतलेलीं मापें १९९९ सालीं प्रसिद्ध केलीं. फवारणीच्या पंपावरील घड्याळांत आपण जसा किलोंचा दाब वाचतों, त्या भाषेंत सांगावयाचें तर निजलेल्या स्थितींत दाब सुमारें एक, उभ्यानें पांच, वीस किलोंचें ओझें छातीशीं धरल्यास अकरा, गुडघे वांकवून तेंच उचलतांना सतरा, आणि पाठ वांकवून उचलतांना तेवीस. प्रयोग एकाच माणसावर झाला, त्यामुळें आंकडे सर्वांस जसेच्या तसे लागू होणार नाहींत. परंतु ओझें अंगाशीं धरावें हा धडा त्यांतून स्पष्ट निघतो.

नसा आणि त्यांची भाषा

मज्जारज्जु कण्याच्या शेवटापर्यंत जात नाहीं. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या सुमारास तो संपतो आणि त्यापुढें नळींतून नसांचा झुबका लोंबतो. घोड्याच्या शेपटासारखा दिसतो म्हणून त्यास अश्वपुच्छ म्हणतात. कण्यांतून एकंदर एकतीस जोड्या नसा बाहेर पडतात. कमरेच्या शेवटच्या दोन गाद्यांवर भार व वांक दोन्हीं अधिक, म्हणून गादी फाटून गर मागें सरकण्याचे बहुतेक प्रकार तेथेंच होतात. तो गर शेजारच्या नसेस चेपतो व चेतवितो, आणि कळ पायांत उतरते. हीच सायटिका, आयुर्वेदांतील गृध्रसी. तिचें मूळ फाटलेल्या गादींत असूं शकतें, हें १९३४ सालीं बोस्टनच्या मिक्स्टर व बार या शस्त्रवैद्यांनीं दाखवून दिलें.

नस कोणती चेपली तें पाय सांगतो. कमरेच्या पांचव्या नसेची कळ व बधिरता पावलाच्या वरच्या अंगानें आंगठ्याकडे जाते. रोग्यास टांचांवर चालण्यास सांगितल्यास पाऊल पडतें. तिच्या खालच्या नसेची बधिरता करंगळीच्या कडेस व तळव्याच्या बाहेरच्या अंगास असते. रोगी त्या पायाच्या चवड्यावर उभा राहूं शकत नाहीं. पाठीस हात लावणाऱ्या प्रत्येकानें हात लावण्यापूर्वीं रोग्यास दहा पावलें टांचांवर व दहा पावलें चवड्यांवर चालवून पाहावें. ह्यास ना यंत्र लागतें ना पैसा.

हाताची सत्ता कोठपर्यंत

आतां गादी बसविण्याविषयीं. गादी मज्जारज्जूच्या नळीच्याही पुढें आहे. पाठीकडून तिच्यापर्यंत जावयाचें तर कातडी, स्नायूंचे जाड थर, हाडाची कमान व नसांची नळी, इतकें सारें ओलांडावें लागेल. कोणाचेंही बोट, टांच किंवा पायाळूची लाथ तेथें पोंचत नाहीं. मग कटकन आवाज येतो तो कशाचा? मणक्यांच्या मागें लहान सांधे आहेत. त्यांतील वंगणांत वायूची पोकळी तयार होते, तिचा. बोटें मोडल्यावर येतो तोच हा आवाज. हाड जागेवर बसल्याचा नव्हे. आराम पडतो तो आखडलेले स्नायु सैल होतात म्हणून, आणि पुष्कळदां दुखणें आपल्या वेळेनें उतरत असतें म्हणूनही. नव्यानें धरलेली कंबर बहुतेकांच्या बाबतींत सहा आठवड्यांच्या आंत पुष्कळ सुधारते. पुढें सरकलेला गरही बहुधा शरीरच हळूहळू शोषून घेतें.

दुसरा शब्द ‘मणक्यांत गॅप’. वस्तुतः गादी झिजली म्हणजे दोन मणक्यांतील अंतर वाढत नाहीं, तें कमी होतें. आणि अशी झीज छायाचित्रांत दिसली म्हणजे दुखण्याचें कारण सांपडलेंच असें नाहीं. कंबर मुळींच न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या तपासण्यांचा एक आढावा २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत वीस वर्षांच्या वयांतच शेंकडा ३७ जणांच्या गाद्या झिजलेल्या आढळल्या, पन्नाशींत शेंकडा ८० आणि ऐंशींत शेंकडा ९६. डोक्याचे केस पांढरे व्हावे तसेंच हें बहुतांशीं आहे. छायाचित्र हातीं घेऊन घाबरणें, व घाबरवून पैसे काढणें, दोन्हीं अनुचित होत.

जाणत्या हातानें स्नायूंवर काम करावें. कण्याच्या दोन्हीं बाजूंस जे उभे पुठ्ठे आहेत त्यांवर तळहातानें, रोग्यास सोसेल इतक्याच दाबानें चोळावें. कांट्यांच्या टोंकांवर थेट दाब देऊं नये. पाठीवर उभें राहूं नये. म्हाताऱ्या माणसांचीं, विशेषतः वृद्ध स्त्रियांचीं हाडें भुसभुशीत झालेलीं असतात. थोड्या दाबानेंही त्यांचा मणका चेपतो. मानेस झटका तर मुळींच देऊं नये. मानेच्या मणक्यांच्या पंखांना छिद्रें असून त्यांतून मेंदूस रक्त नेणाऱ्या दोन धमन्या वर जातात. अवचित पिळवटल्यानें त्यांचें अस्तर फाटून पक्षाघात झाल्याचीं उदाहरणें विरळा पण खरीं आहेत. सुश्रुतानेंही कण्याच्या दोन्हीं बाजूंस, कटीजवळ, कुकुंदर नांवाचीं मर्में सांगून तेथें इजा झाल्यास शरीराच्या खालच्या भागाची संवेदना व हालचाल जाते असें बजावलें आहे.

हात केव्हां थांबवावा

पुढील खुणा दिसतांच चोळणें थांबवून रोग्यास इस्पितळांत पाठवावें. पहिली, लघवी कोंडणें, नकळत होणें अथवा शौचावरील ताबा जाणें. दुसरी, घोड्यावर बसतांना खोगिरास टेंकणारी जागा बधिर होणें. तिसरी, दोन्हीं पाय लुळे पडूं लागणें, किंवा एका पायाची चप्पल निसटणें. लघवी व बैठकीच्या खुणांत अश्वपुच्छ चेपलेलें असण्याचा संभव असतो. तेथें दिवसांचा नव्हे, तासांचा हिशेब आहे. त्याच रात्रीं निघावें, सकाळची वाट पाहूं नये. चौथी, झाडावरून, माळ्यावरून किंवा गाडीवरून पडल्यानंतर दुखूं लागलेली पाठ. अशा रोग्यास बसवूं नये, वांकवूं नये, फळीवर सरळ निजवून न्यावें. पांचवी, सायंकाळचा ताप, वजन घटणें, भूक मरणें व रात्रीं निजल्यावरही न थांबणारी कळ. क्षय फुप्फुसाचाच असतो असें नाहीं; तो मणकाही पोखरतो. ह्या विकाराचें वर्णन पर्सिव्हल पॉट या इंग्रज शस्त्रवैद्यानें १७७९ सालींच केलें होतें. आज तो औषधांनीं बरा होतो व सरकारी दवाखान्यांत तीं औषधें मोफत मिळतात. पण अशी पाठ तुडवीत बसलें तर कुबड येतें व पाय जातात. सहावी, पूर्वीं कर्करोग झालेल्या माणसाची नव्यानें दुखूं लागलेली पाठ.

लाज ही येथें मोठी वैरीण आहे. बैठकीची बधिरता व लघवीचें दुखणें स्त्रिया तर सोडाच, पुरुषही बोलत नाहींत. म्हणून चोळणाऱ्यानें स्पष्ट विचारावें, आणि रोग्यानें न विचारतांही सांगावें.

शेतावर व घरीं

कंबर धरल्यावर एक-दोन दिवस विसांवा घ्यावा, पण खाट धरून बसूं नये. सोसेल तितकें चालावें, शेक घ्यावा, जड काम तेवढें टाळावें. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांस विचारून, थोडे दिवसच घ्याव्या. पोट व मूत्रपिंडें यांस त्यांचा उपद्रव होतो. आराम पडल्यावर पाठीचे, पोटाचे व मांड्यांचे स्नायु बळकट करणारा व्यायाम जाणत्याकडून शिकून नियमानें करावा. १९९८ सालीं स्थापन झालेलें महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आमच्या नाशिकांतच आहे. डॉक्टर, आयुर्वेदाचे वैद्य व व्यायामोपचार करणारे, तिन्हीं शाखांचे विद्यार्थी त्याच्या कक्षेंतील महाविद्यालयांत हाडांची व नसांची रचना शिकूनच बाहेर पडतात. बियाणें घेतांना आपण पिशवीवरची खूण पाहतों. तसें पाठ देतांना शिक्षण विचारण्यांत संकोच कसला?

ओझ्याचें वजन कमी करणें हा मात्र मालकाच्या हातांतला उपाय आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनें १९६७ सालीं केलेल्या शिफारशींत प्रौढ पुरुषानें वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलोंच्या वर असल्यास ती खालीं आणावी असें म्हटलें असून स्त्रियांसाठीं ती पुष्कळच कमी असावी असेंही सांगितलें आहे. युरियाची गोणी २०१८ सालीं पन्नासाची पंचेचाळीस किलोंची झाली. तें खताचा वापर घटावा म्हणून, पण पाठीसही तेवढा विसांवा मिळाला. चाळींत कांदा भरतांना गोणी अर्धी भरावी, किंवा दोघांनीं धरावी. क्रेट जमिनीवरून उचलण्याऐवजीं मांडीइतक्या उंच ओट्यावर रचावे. ओझें घेऊन कमरेंत वळूं नये, पाय वळवावे. विरळणीच्या वेळीं मांडवाखालीं लहान घोडी ठेवून हातांची उंची कमी करावी, आणि लागवडीच्या बायांस दर तासास दोन मिनिटें सरळ उभें राहूं द्यावें. त्या दोन मिनिटांनीं वाफा मागें पडत नाहीं.

सरतेशेवटीं आमची वाचकांस एक विनंति आहे. ह्या लेखांतील ‘हात केव्हां थांबवावा’ हा भाग आपल्या गांवांत जो कोणी पाठ चोळतो, हाड बसवितो किंवा पायाळू म्हणून ज्याच्या दारीं लोक जातात, त्यास नेऊन वाचून दाखवावा. आणि गड्यांस व मजूर बायांसही सांगावा. तो ऐकून एखादा रोगी जरी त्याच रात्रीं इस्पितळांत पोंचला, तरी हीं पानें छापल्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.